पापनिवेदनाची भाषा

पापाची क्षमा ईश्वरच करतो, याविषयी ख्रिस्ती धर्मातील कोणत्याही पंथाचे दुमत नाही. मतभेद आहे तो इतकाच, की ती क्षमा मागताना दुसऱ्या माणसाचा कान मध्ये असावा की नसावा. हा प्रश्न धर्मपंडितांचा, असे समजून आम्ही साहित्याचे अभ्यासक तो सहसा सोडून देतो. परंतु कान म्हटला की बोली आली, आणि बोली आली की हा प्रश्न आमच्या दारात येऊन उभा राहतो. गोमंतकात तर तो चारशेहून अधिक वर्षे उभा आहे.

शुभवर्तमानांत पश्चात्तापाच्या दोन कथा जवळजवळ येतात. येशूला धरून देणाऱ्या यहूदाला पस्तावा झाला. तो चांदीची तीस नाणी घेऊन परत गेला आणि आपण पाप केले असे त्याने तोंडाने सांगितलेही. पण सांगितले ते ज्यांनी त्याला विकत घेतले होते त्या याजकांना. त्यांनी, त्याचे आम्हांला काय, म्हणून हात झटकले. त्याने गळफास घेतला. पेत्राने कोंबडा आरवण्यापूर्वी तीन वेळा गुरूला नाकारले आणि तो ओक्साबोक्शी रडला. पुढे सरोवराच्या काठी गुरूनेच त्याला तीन वेळा प्रेमाविषयी विचारले. पस्तावा दोघांनाही झाला. ऐकणारा भेटला तो एकालाच. पापनिवेदनाचे सारे शास्त्र या फरकाभोवती फिरते, असे आम्हांस वाटते.

आरंभीच्या ख्रिस्ती संघात मोठ्या पापाचे प्रायश्चित्त चारचौघांत होई. थेस्सलनीकेच्या कत्तलीनंतर इ. स. ३९० मध्ये मिलानचा धर्माध्यक्ष अँब्रोज याने खुद्द सम्राट थिओडोसियस याला प्रायश्चित्त घ्यावयास लावले, हे प्रसिद्धच आहे. पुढे आयर्लंडच्या मठवासीयांनी एकांतात आणि पुनःपुन्हा करावयाच्या निवेदनाची चाल पाडली. १२१५ च्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ माणसाने वर्षातून एकदा तरी पापे सांगावीत असा नियम केला. ऐकलेले फोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून जन्मभर मठात कोंडावे, असेही तिने ठरविले. सांगणाऱ्यावर जितके बंधन, त्याहून ऐकणाऱ्यावर अधिक.

आमच्या धर्मशास्त्राला हा विचार परका नव्हता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापी माणसाच्या सुटकेचे उपाय सांगताना ख्यापन, म्हणजे पाप उघड सांगणे, आणि अनुताप यांचा निर्देश आहे. परंतु तेथे भर पडतो तो कृच्छ्र-चांद्रायणादी आचरणावर. सांगणे हे त्या आचरणाचे अंग होय. ट्रेंट येथील परिषदेने १५५१ मध्ये जो निर्णय दिला त्यात सांगण्याला निराळेच महत्त्व आले. आठवतील तितकी सारी महापातके, त्यांच्या प्रकारासह आणि प्रकार बदलणाऱ्या परिस्थितीसह सांगितली पाहिजेत. शेतातली चोरी वेगळी, देवळातली वेगळी. याचा अर्थ असा, की ऐकणाऱ्याला नुसती भाषा येऊन भागत नाही. नाती, देणेघेणे, शपथा आणि शिव्यासुद्धा त्याला कळाव्या लागतात.

हा निर्णय झाला त्याच काळात पोर्तुगीज सत्तेखाली गोव्यात हजारो माणसे ख्रिस्ती होत होती, आणि त्यांचे धर्मगुरू बहुधा त्यांची बोली न जाणणारे होते. दुभाष्यामार्फत पाप सांगण्यास धर्मशास्त्राची आडकाठी नव्हती, पण तसे सांगण्याची सक्तीही कोणावर करता येत नव्हती. आपल्याच गावातल्या तिसऱ्या माणसासमोर कोणती सून आपले मन मोकळे करील? तमिळ किनाऱ्यावर एन्रीक एन्रीकिश याने हे ओळखले. तो तमिळ शिकला, आणि १५८० मध्ये पापनिवेदनाचे तमिळ पुस्तक कोचीन येथे छापले गेले. गोव्यात फादर स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात उतरला आणि पुढची चाळीसएक वर्षे बहुतांशी साष्टीत राहिला. त्याचे ख्रिस्तपुराण (१६१६) आम्ही ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीशी ताडून पाहतो, ते योग्यच आहे. पण त्याच हाताने कोंकणीचे व्याकरण लिहिले आणि ख्रिस्ती तत्त्वांचे प्रश्नोत्तरांचे पुस्तकही लिहिले. ती दोन्ही त्याच्या मृत्यूनंतर राशोल येथे छापली गेली, पुस्तक १६२२ मध्ये व व्याकरण १६४० मध्ये. पुराण ऐकण्यासाठी होते. व्याकरण मात्र धर्मगुरूंसाठी. त्यांना ऐकता यावे यासाठी. फादर दे ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाने १६२९ मध्ये मराठी ओव्यांत मोठे काव्य छापले, त्याचा नायक पेत्र असावा हेही आम्हांस निव्वळ योगायोगाचे वाटत नाही.

याच गोव्यात कबुलीजबाबाचे दुसरे एक स्थान होते. १५६० मध्ये स्थापन झालेल्या इन्क्विझिशनच्या ध्वजावर दया आणि न्याय हे दोन्ही शब्द असत. तेथेही बंद्याला कबूल हो असेच सांगत. मात्र त्याच्यावरील आरोप कोणता आणि तो कोणी केला, हे त्याला कळू देत नसत. फ्रेंच वैद्य देलों याने आपल्या कैदेच्या हकीकतीत (१६८७) हे सविस्तर लिहिले आहे. मंदिरातील निवेदन कोठे लिहिले जात नाही. येथे लेखनिक बसलेला असे, आणि निवाडा हजारोंसमोर वाचला जाई. शब्द एकच, पण एका ठिकाणी सांगणारा मोकळा होऊन बाहेर पडे, दुसऱ्या ठिकाणी अडके. या दोहोंची गल्लत करणाऱ्या लेखकांनी गोमंतकाच्या इतिहासावर अन्याय केला आहे. दुसऱ्याकडे डोळेझाक करणाऱ्यांनीही तितकाच.

मग १६८४ च्या जूनमध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. राज्यकर्त्याच्या दृष्टीने हा कारभाराचा प्रश्न होता. तो हुकूम अक्षरशः पाळला गेला असता तर साष्टी-बारदेशातील म्हाताऱ्याकोताऱ्यांना मरतेवेळी आपले पाप परक्या भाषेत जुळवावे लागले असते. मरणाऱ्याला व्याकरण सुचत नाही. १७४५ मध्ये आर्चबिशपने पोर्तुगीज न येणाऱ्यांचे लग्न लावू नये असा आदेश काढला; साठ वर्षांनी पुन्हा हुकूम काढावा लागतो, यावरूनच पहिल्याचे काय झाले ते दिसते. गोव्यातील ख्रिस्ती माणूस पापनिवेदनाला आजही ‘कुमसार’ म्हणतो. हा शब्द पोर्तुगीजांचा. पण पापाला तो ‘पातक’ म्हणतो आणि क्षमा करण्याला ‘भोगसणे’. ते शब्द त्याच्या घरचे.

मराठी मुलखातील प्रॉटेस्टंटांनी मधला कान काढून टाकला. पाप थेट ईश्वराला सांगावे. तरी सांगण्याची ओढ काही गेली नाही. बेळगावात १८३१ मध्ये जन्मलेल्या बाबा पदमनजींनी ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिले. तेथे ऐकणारा म्हणजे वाचक. १९०५ साली केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंच्या आश्रयाला असलेल्या मुली रडत रडत आपली पापे सर्वांसमक्ष मराठीत सांगू लागल्या. ज्यांच्याशी आयुष्यात कोणी धड बोललेही नव्हते, अशा कित्येक दुष्काळग्रस्त आणि विधवा मुली त्यांत होत्या, हे विसरता येत नाही.

कॅथलिक मंदिरात याच वेळी एक चमत्कारिक स्थिती होती. मिस्सा लॅटिनमध्ये चाले, आणि कुमसाराच्या जाळीआड मात्र लोकांची बोली चुकविता येत नसे. भक्ताने कोंकणीत किंवा मराठीत सांगावे आणि धर्मगुरूने क्षमेचे शब्द लॅटिनमध्ये उच्चारावेत, असे साडेतीन शतके चालले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७३ मध्ये या संस्काराचा नवा विधी प्रसिद्ध झाला, आणि क्षमाही ज्या बोलीत पाप सांगितले त्याच बोलीत मिळू लागली.