खळ्यावरचे माप : घनसावंगी परिसरातील कौटुंबिक धान्यखरेदीचा एक विचार

बाजाराचा इतिहास लिहिणाऱ्यास कागदांची उणीव सहसा भासत नाही. जकातीचे आकडे, पेठेतील अडत्यांच्या वह्या, बाजार समित्यांची आवकपत्रके यांतून मालाचा प्रवास बराचसा उलगडता येतो. परंतु एखाद्या कुटुंबाने शिवारातील ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर जाऊन वर्षाची ज्वारी मापून घेतली, तर त्या व्यवहाराची नोंद कोणत्या दप्तरात शोधावयाची? हैदराबाद संस्थानात शेतमालाच्या बाजारांचे नियमन करणारा कायदा १३३९ फसलीत, म्हणजे इ. स. १९३० च्या सुमारास, झाला. महाराष्ट्र राज्याचा तत्संबंधी कायदा १९६३ चा आहे. या दुसऱ्या कायद्याच्या सहाव्या कलमाने किरकोळ विक्री, शेतकऱ्याने केलेली स्वतःच्या मालाची विक्री, आणि स्वतःच्या वा कुटुंबीयांच्या उपभोगासाठी घेणाऱ्यास केलेली विक्री ही नियमनाच्या बाहेर ठेविली. सवलत रास्तच होती. तथापि तिचा एक परिणाम असा झाला की, ग्रामीण जीवनातील अत्यंत साधा व्यवहार कायद्याच्या संमतीनेच कागदाबाहेर राहिला. दप्तरात जे नाही ते घडलेच नाही असे मानण्याची आम्हां संशोधकांची जुनी खोड आहे. येथे ती विशेष घातक ठरते. हा व्यवहार शोधावयाचा तो शब्दांत, मापांत आणि घरांच्या बांधणीत.

प्रस्तुत विवेचनासाठी घनसावंगीचा परिसर घेतला आहे. आज हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. पूर्वी हा मुलूख अंबड तालुक्यात मोडे, आणि जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र होईपर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात. दक्षिणेस गोदावरी, तिच्या काठची काळी, ओल धरून ठेवणारी जमीन रब्बी ज्वारीस मानवणारी. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात आहे. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग जालना व परतूर यांवरून गेला; घनसावंगी त्यापासून दूर राहिली. कापूस बैलगाड्यांतून जालन्याच्या पेठेकडे जाई. भाकरीच्या धान्याची गोष्ट निराळी होती.

ते धान्य खळ्यावरच हात बदले. सुगीत कणसे खुडून खळ्यावर आणावयाची, तिवड्याभोवती बैलांची पात फिरवून मळणी करावयाची, वारा पाहून उपणावयाचे, आणि मग रास घालावयाची. रास पुजल्यावाचून तिला माप लावीत नसत. मापताना पहिल्या मापास 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याचा रिवाज महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे. मापे शेर, अधोली, पायली यांची, आणि हिशेब मण-खंडीचा. ही वजने नव्हेत, आकारमाने होत, आणि यातच व्यवहाराचे मर्म आहे. पायली भरल्यावर तिच्या तोंडावर जो ढीग राहतो त्यास शीग म्हणतात. शीग उंच ठेवावयाची की हाताने सपाट करावयाची, हे ठरलेल्या भावावर अवलंबून नसे. ते घेणाऱ्याचे व देणाऱ्याचे नाते ठरवी. भाव साऱ्यांना एकच सांगून शिगेत फरक करता येई. अर्थशास्त्राचे विद्यार्थी जुन्या भावांचे तक्ते काढतात तेव्हा हा शिगेचा फरक त्यांत उतरत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

अशी खरेदी ही वर्षाची बेगमी असे. सुगीत धान्य स्वस्त, आषाढ-श्रावणात महाग. तेव्हा ज्याच्याजवळ सुगीच्या महिन्यात रोकड असेल आणि घरी साठवणीची जागा असेल, त्यानेच एकदम घ्यावे हा हिशेब उघड होता. मराठवाड्यातील जुन्या वाड्यांत भिंतीच्या पोटात ठेविलेले बळद, गावठाणात खणलेले पेव, ओसरीवरची शेणाने लिंपलेली कणगी, ही सारी या बेगमीची वास्तुरूपे आहेत. पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये, कोंडलेली हवा जीव घेते, हे शहाणपणही त्यांच्याबरोबरच आले. धान्यात कडुनिंबाचा पाला घालणे, करडई घेऊन ती घाण्यावर गाळून घेणे, तूर भरडून घरीच डाळ करणे हे त्याच व्यवस्थेचे पुढील टप्पे होत. शेतातून घेतलेला माल कच्चा असे, आणि त्यास खाण्याजोगे करण्याचे श्रम घरातील स्त्रिया जात्यावर करीत. खळ्यावरचा भाव पेठेहून हलका का पडे याचे एक उत्तर या श्रमांत आहे. त्यांची किंमत कोणी मांडीत नसे.

यावरून खळ्यावरची खरेदी हे ग्रामीण आपुलकीचे निर्मळ चित्र होते असे कोणी समजेल तर ती चूक होईल. त्याच खळ्यावर इतरही माणसे उभी असत. सुतार, लोहार, न्हावी, परीट यांचे बलुते तेथेच मापले जाई. कुलकर्ण्यासारख्या वतनदारांचे हक्क निघत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात या देण्याघेण्याचा आणि त्यातील ओढाताणीचा तपशील आहे. त्यांचा अनुभव निजामी मुलखाबाहेरचा असला तरी रचना ओळखीची आहे. अस्पृश्य गणल्या गेलेल्या कुटुंबांस आपला हक्कही मागणाऱ्याच्या पायरीवरून घ्यावा लागे. वर्षभर राबवून घेऊन मोबदला मात्र गावाच्या मर्जीवर ठेवणाऱ्या या वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, ते उगाच नव्हे. शेतकरी व खाणारा यांच्यामध्ये तिसरा कोणी नव्हता, पण यामुळे ते दोघे समान पातळीवर होते असे सिद्ध होत नाही.

मजुरांचे उदाहरण याहून बोलके आहे. काढणीची मजुरी धान्यात मिळे. म्हणजे शेतातून थेट धान्य घरी आणणारे पहिले कुटुंब मजुराचेच. परंतु ते धान्य काही महिन्यांत संपे, आणि पावसाळ्यात तेच कुटुंब दुकानदाराकडून चढ्या भावाने, बहुधा उधारीवर, ज्वारी घेई. ज्यांनी कणसे खुडली त्यांना शेराने विकत घ्यावे लागे, आणि ज्यांनी विळा धरला नाही ते मणाने भरून ठेवीत. माझ्या मते या विषयातील मुख्य प्रश्न भावाचा नसून हा आहे : खळ्यावर पायली घेऊन उभे राहण्याची ऐपत कोणाची होती?

विसाव्या शतकाच्या मध्यावर या व्यवस्थेस धक्के बसू लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजाम सरकारने धान्याची सक्तीची लेव्ही बसविली, आणि राशीवर पहिला डोळा सरकारचा राहिला. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानाचे विलीनीकरण झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने-मापे क्रमाक्रमाने लागू झाली. काट्यावर शीग राहत नाही. बोलीत पायली उरली, व्यवहारात किलो आला. यात गरीब गिऱ्हाइकाचा लाभच झाला, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पुढे स्वस्त धान्य दुकानांतून गहू-तांदूळ मिळू लागल्यावर मजुराच्या पावसाळ्याची भीती काही अंशी ओसरली. जुन्या खळ्याविषयी हळहळणारांनी ही जमेची बाजू विसरू नये.

पिकांचा पालट मात्र अधिक खोल गेला. जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये धरणाचे उद्‌घाटन झाले. डाव्या कालव्याचे पाणी या पट्ट्यात आल्यावर ऊस वाढला. विहिरींवर मोसंबीच्या बागा उभ्या राहिल्या. ज्वारी शेजाऱ्यास मापून देता येते. ऊस कारखान्यासच जातो, आणि मोसंबीचा बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्यास उक्ता दिला जातो. जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु गावातील घरी येते ते बहुधा गळालेले वा बारीक फळ. रोपे-बियाण्यांचेही असेच झाले. पूर्वी बी घरचे किंवा शेजाऱ्याच्या राशीतले असे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको स्थापन केली आणि संकरित बियाणे पिशवीतून येऊ लागले. मोसंबीचे कलम तर जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून रोपवाटिकेतच व्हावयाचे. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या, तेव्हा नुकसान सोसावयास बागाईतदार एकटाच होता. बलुत्याच्या काळी रास लहान झाली की घेणाऱ्यांचे वाटेही लहान होत.

या साऱ्यातून टिकले ते वानवळा आणि हुरडा. नव्या पिकातले थोडे आप्तेष्टांस पाठवावयाचे, आणि कोवळ्या ज्वारीच्या दिवसांत गणगोतास शेतात बोलवावयाचे, या दोन्ही गोष्टींस किंमत लावीत नसत. अलीकडे शहराजवळ हुरड्यास दर लागतो. येथवर आलेला बाजार तेथेच थांबेल असे मानण्याचे कारण नाही.

२०१६ मध्ये फळे व भाजीपाला राज्यात बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, शहरांतून शेतकऱ्यांचे आठवडी बाजार भरविले गेले, आणि २०२० च्या टाळेबंदीत अनेक शेतकऱ्यांनी माल थेट घराघरांस पोहोचविला. जपानमध्ये १९७० नंतर 'तेइकेई' नावाने जी चळवळ रूढ झाली, तीत कुटुंबे शेतकऱ्याशी आधीच बांधून घेतात आणि कमी-अधिक पीक स्वीकारतात. आपल्याकडील थेट खरेदीत भाव कमी करून मागण्याची घाई दिसते, पिकाच्या जोखमीत वाटा घेण्याची तयारी क्वचितच. शिवाय एक अडचण अगदी ऐहिक आहे. जालन्याच्या वा संभाजीनगरच्या सदनिकेतील कुटुंबाने आज घनसावंगीच्या शेतावरून वर्षाची ज्वारी घ्यावयाची ठरविली, तरी ती ठेवावयाची कोठे? बळदाची भिंत नव्या घरांत नाही. म्हणून खरेदी पाच-दहा किलोंची होते, उरलेली रास शेतकऱ्यास ठेवून घ्यावी लागते, आणि साठवणीचा व किडीचा बोजा पुन्हा त्याच्याच पदरी पडतो.