लिहिलेले आणि घडलेले

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स रचायला घेतली. तिच्यात आपल्या आज्ञा वाचून अमलात आणणारा प्रोग्रॅम म्हणजे 'शेल'. आज्ञा ओळीने लिहून ठेवल्या की झाली स्क्रिप्ट. पण लिहिलेली आज्ञा आणि पाळली गेलेली आज्ञा एकच असते का?

१९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचा शेल आला. त्यात दोन सोयी होत्या. 'व्ही' हा पर्याय दिला, की वाचलेली ओळ जशीच्या तशी दिसे. 'एक्स' दिला, की चलांच्या जागी किमती घालून तयार झालेली आज्ञा दिसे. १९८९ च्या बॅशनेही हे पर्याय ठेवले.

एकदा आमच्या स्क्रिप्टने एका तारखेच्या नोंदींऐवजी सगळ्याच नोंदी पुसल्या. ओळ तर निर्दोष दिसत होती! नोंदींच्या प्रतीवर 'एक्स' लावून पाहिले, तेव्हा कळले : तारखेचा चल रिकामाच होता.

वर्गातही असेच घडते. गणित चुकले, की आपण सूत्र म्हणून घेतो. ते बरोबरच असते. त्याऐवजी किमती घातलेली प्रत्येक पायरी लिहून घेऊन पाहावी.