शत्रूंच्या मैत्रीची किंमत ढाक्याने मोजली

१९७१-७२ मध्ये अमेरिका आणि चीन जवळ आले, हे आपल्याला मुत्सद्देगिरीचा विजय म्हणून सांगितले जाते. हा इतिहास अर्धाच आहे.

कोरियाच्या युद्धात (१९५०-५३) या दोन देशांच्या फौजा समोरासमोर लढल्या होत्या. अमेरिकेच्या लेखी चीनचे खरे सरकार तैवानमध्ये होते. रिचर्ड निक्सन यांचे तर सारे राजकारणच कम्युनिस्टविरोधावर उभे राहिलेले. मग मतपरिवर्तन झाले का? मुळीच नाही. बदलली ती भीतीची दिशा.

मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीतल्या झेनबाओ बेटावर चिनी आणि सोव्हिएत सैनिक एकमेकांवर तुटून पडले. दोन्ही देश मार्क्सचे नाव घेणारे, दोघांकडेही अण्वस्त्रे! माओने चेन यी यांच्यासह चार मार्शलना परिस्थितीचा अभ्यास करायला सांगितले. अमेरिकेपेक्षा सोव्हिएत संघाचा धोका मोठा, असे त्यांचे मत पडले. तिकडे अमेरिका व्हिएतनाममध्ये रुतली होती. तिला तिथून अब्रू राखून बाहेर पडायचे होते आणि मॉस्कोवर दबावही हवा होता. ज्या विचारसरणीच्या नावाने कोरियात तरुण पोरे मेली, ती मग दोघांनीही गुंडाळून बाजूला ठेवली.

पण बोलणी करायची कुणामार्फत? इथे पाकिस्तानचे याह्याखान उपयोगी पडले. याच याह्याखानांच्या लष्कराने २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात कत्तल सुरू केली. विद्यापीठाच्या जगन्नाथ हॉलमध्ये हिंदू विद्यार्थ्यांना मारले. ढाक्यातले अमेरिकी कॉन्सल जनरल आर्चर ब्लड यांच्या कचेरीतून ६ एप्रिलला आपल्याच सरकारच्या मौनाचा निषेध करणारी तार गेली. ब्लड यांना तिथून हलवण्यात आले. २० मे रोजी खुलना जिल्ह्यातल्या चुकनगरला, भारताच्या सीमेकडे निघालेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. आणि जुलैमध्ये किसिंजर पाकिस्तानात पोट बिघडल्याचे सोंग करून गुपचूप बीजिंगला पोचले.

वर्षअखेर भारतात आलेल्या निर्वासितांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. ज्या अखंड बंगालमधून बाबासाहेब १९४६ साली संविधान सभेवर निवडून गेले, त्याच्या पूर्व भागातले नामशूद्रही त्यांत होते. या इतिहासात त्यांचे नाव कुणी घेत नाही. वॉशिंग्टनला याह्याखानांना दुखवायचे नव्हते, कारण बीजिंगचा रस्ता त्यांच्या अंगणातून जात होता. भारतानेही ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार केला, तोही याच हिशोबातून.

जगातल्या शोषितांचा कैवार घेणाऱ्या चीनने काय केले, हे आपल्या डाव्या मित्रांनी जरूर वाचावे. तो याह्याखानांच्या पाठीशी उभा राहिला. फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन बीजिंगला जाऊन माओला भेटले. त्याच वर्षी २५ ऑगस्टला बांगलादेशचा संयुक्त राष्ट्रांतला प्रवेश सुरक्षा परिषदेत अडला. साम्यवादी चीनने तिथे वापरलेला हा पहिला नकाराधिकार होता. बांगलादेशला सदस्यत्व मिळायला १९७४ उजाडावे लागले.