कोलॅजन ७ आणि त्वचेचा कर्करोग: जन्मजात फोडांच्या आजारात जखमेकडे लक्ष का ठेवावे?

त्वचा घट्ट धरून ठेवणारी प्रथिने म्हणजे भिंतीतले सिमेंट, असा आपला समज असतो. पण पेशी आपल्या खालच्या आधारावरून सूचनाही घेतात: कधी वाढायचे, कधी थांबायचे. आधार बिघडला की काय होते, हे एपिडर्मोलिसिस बुलोसा (ईबी) या जन्मजात आजारात स्पष्ट दिसते.

ईबीमध्ये साध्या घासण्यानेही त्वचेवर फोड येतात. आजाराचे प्रकार अनेक आहेत. सर्वाधिक आढळणाऱ्या सिम्प्लेक्स प्रकारात बहुधा केराटिन ५ किंवा १४ या प्रथिनांत दोष असतो. त्यात त्रास होतो, पण इथे सांगितलेला कर्करोगाचा मोठा धोका नसतो. म्हणून आपल्या मुलाला नेमका कोणता प्रकार आहे, हे जनुकीय तपासणीने समजून घ्या. नुसते 'ईबी आहे' एवढे पुरेसे नाही.

हा धोका मुख्यतः रिसेसिव्ह डिस्ट्रॉफिक प्रकारात असतो. यात कोलॅजन ७ फार कमी बनते किंवा बनतच नाही. त्वचेचा वरचा थर खालच्या थराला बांधून ठेवणारे बारीक धागे या प्रथिनाचे असतात. ते नसल्याने त्वचा सुटते, जखम होते, भरते, पुन्हा उघडते. असे वर्षानुवर्षे चालते. प्रत्येक वेळी दुरुस्तीसाठी टीजीएफ-बीटासारखी रसायने स्रवतात आणि खालचा थर व्रणांनी कडक होत जातो. बोटे एकमेकांना चिकटतात तीही याच व्रणांमुळे. हा कडकपणा वरच्या पेशींना जाणवतो आणि त्यांना वाढीचा इशारा मिळत राहतो. सततच्या दाहामुळे पेशींच्या डीएनएमध्ये बिघाडही साचतात. त्यातून स्क्वॅमस सेल कर्करोग होतो.

एरवी हा कर्करोग उतारवयात, उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर दिसतो. इथे तो विशीतही होतो, आणि बहुधा हातपायांवरच्या जुन्या जखमांत. अमेरिकेतील ईबी रुग्णांच्या नोंदणीत, तीव्र प्रकारच्या रुग्णांत पंचावन्नाव्या वर्षापर्यंत हा कर्करोग होण्याचा धोका ९० टक्क्यांच्या आसपास आढळला. आकडा घाबरवणारा आहे. तो लपवण्यापेक्षा लवकर निदानासाठी वापरावा, असे मला वाटते.

जखमांची सवय झालेल्या घरात नवी जखम वेगळी ओळखणे अवघड असते. ड्रेसिंग तुम्हीच करता, त्यामुळे बदल सर्वांत आधी तुम्हालाच दिसतो. नेहमीच्या वेळेत न भरणारी जखम, कडा उंच किंवा कडक होणे, मांसासारखी वाढ, जाड खपली, वेगळाच वास, किंवा 'ही जखम नेहमीपेक्षा जास्त दुखते' हे रुग्णाचे म्हणणे: यांपैकी काहीही असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. महिन्यातून एकदा मोबाइलवर फोटो काढून ठेवल्यास तुलना सोपी जाते. वयाच्या दहाव्या वर्षापासून दर ३ ते ६ महिन्यांनी पूर्ण त्वचेची तपासणी करून घ्यावी. (जुन्या भाजलेल्या व्रणावर वर्षानुवर्षे न भरणारी जखम असेल, तर ईबी नसलेल्यांनीही ती दाखवावी. तिथेही हाच कर्करोग होऊ शकतो.)

शंका आल्यास बायोप्सी करतात. 'तुकडा काढला की कर्करोग पसरतो' ही भीती मी ओपीडीत अजूनही ऐकतो. ती खरी नाही. उशीर झाल्याने मात्र नुकसान होते, कारण ईबीतला हा कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दिसला तरी लवकर पसरू शकतो. मुख्य उपचार म्हणजे शस्त्रक्रिया करून गाठ पुरेशा कडेसह काढणे. नंतरही तपासण्या चालू ठेवाव्या लागतात, कारण दुसऱ्या जागी नवी गाठ येऊ शकते.

कोलॅजन ७ चे जनुक जखमेत पोहोचवणारे एक जेल अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाले. त्याने जखमा भरायला मदत होते. मात्र ते वापरले तरी कर्करोगासाठीची तपासणी थांबवू नये.

पुढच्या अपत्याचा विचार असेल तर आधी जनुकीय सल्ला घ्या. आईवडील दोघेही दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. मामे-आते भावंडांच्या लग्नात दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते. कुटुंबातला नेमका दोष आधीच माहीत असेल, तर गर्भाची तपासणी करता येते.