सांधा

चप्पल दाराशीच काढा. फरशी आत्ताच फिनेलने पुसली आहे; ओल लागतेय ना तळव्यांना? म्हणजे पोहोचलात. परळ, 1966, मे महिना. बाहेर गिरणीचा भोंगा झाला, सकाळची पाळी लागली. आज तुम्ही पाळीवर नाही. एरवी रिंगखात्यात साइडर : दिवसभर फिरत्या चात्यांपुढे येरझारा, धागा तुटला की चिमटीत धरायचा, सांधायचा, पुढे. कालची आंघोळ झाली तरी केसांत कापूस आहेच.

चार वर्षांपूर्वी नसबंदी केलीत. थोड्या वेळाचं काम, संध्याकाळी चहाला घरी. गेल्या पावसाळ्यात तापाने दोन्ही लेकरं गेली. आता नस जोडून घ्यायची आहे. चाळीत मात्र 'हर्नियाचं ऑपरेशन' असं सांगून आलात.

"ओ मामा, कुशीवर वळा. गुडघे पोटाशी!" वॉर्डबॉयचा आवाज. पाठीवर गार स्पिरिट, मग कण्यात सुई. पायांना मुंग्या, मग जडपणा, मग पाय तुमचे राहतच नाहीत. सकाळी न्हाव्याने भादरलं तिथली आगसुद्धा विझली. चला, तेवढी सुटका.

छातीपुढे हिरवं कापड. आता नुसतं ऐका. उकळत्या पाण्यातून काढलेल्या चिमट्यांचा खणखणाट. आयोडिनचा वास. दिव्याखाली डॉक्टरांच्या कपाळावर घाम, सिस्टर तो टिपतेय. अंडकोशावर लहानसा छेद गेला, तुम्हाला फक्त कोणीतरी ओढल्यासारखं वाटलं. डॉक्टर बोटांनी चाचपताहेत : नस सुतळीसारखी कडक लागते, आणि जिथे बांधली होती तिथे गाठ. गाठ कापून टाकली. खालच्या टोकातून दुधट थेंब वर आला. "छान," डॉक्टर पुटपुटले. बीज तयार होणं कधी थांबलंच नव्हतं, फक्त वाट बंद होती. वरच्या टोकात सलाइन सोडून तीही मोकळी असल्याची खात्री झाली.

आता खरी कसरत. नस बाहेरून साधारण तीन मिलिमीटर जाड, पण आतलं भोक एका मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. दोन्ही टोकांतून नायलॉनचा बारीक धागा ओवायचा, त्याच्या आधाराने टोकं समोरासमोर आणायची, भोवती मोजके टाके. जरा हुकलं तर भोकाला भोक मिळत नाही. तुम्ही भविष्यातून आलात, तुम्हाला ठाऊक आहे : दहा वर्षांत सर्जन हेच काम सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने करतील. पण गप्प राहा. इथे डॉक्टरांजवळ डोळे आहेत आणि न थरथरणारी बोटं. साइडरला त्याची किंमत सांगायला नको.

एक बाजू झाली. "आता दुसरी," डॉक्टर म्हणतात. विसरलात? नसा दोन असतात.

पुढचे दिवस खाटेवर, खाली घट्ट लंगोट. आखाड्याबाहेर लंगोट घालून पडून राहणारे पैलवान तुम्हीच! कातडीबाहेर ठेवलेलं नायलॉनचं टोक एके सकाळी सर्रकन ओढून काढलं. ओझं उचलायचं नाही, बायकोपासून काही आठवडे दूर.

याच शहरातले डॉ. जी. एम. फडके आणि डॉ. ए. जी. फडके यांनी अशा 76 शस्त्रक्रियांचा हिशेब 1967 मध्ये मांडला : शंभरातल्या 83 जणांच्या वीर्यात बीज परतलं, पाळणा हलला 55 जणांच्या घरी. वाट मोकळी झाली म्हणजे मूल होतंच असं नाही. जितकी वर्षं वाट तुंबलेली, तितका मागच्या नळ्यांवर ताण. शरीर आपल्याच बीजाला परकंही मानू लागतं.

पावसाळा लागला. छत्री गळतेय, खिशात चहाच्या पुडक्यात गुंडाळलेली बाटली. प्रयोगशाळेतला माणूस काच सरकवतो, डोळा लावतो, बराच वेळ काही बोलत नाही. मग बाजूला होतो. "बघा."

वाका. एक डोळा मिटा. उजेडाच्या गोलात काहीतरी वळवळतंय.

दूर भोंगा होतो. तुम्ही हलत नाही.