झेपेल तेवढे धनुष्य

संत हुबर्ट यांचे चित्र आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. रानात एक थोराड हरिण उभे आहे, त्याच्या शिंगांच्या बेचक्यात क्रूस झळकत आहे आणि समोर शिकारी गुडघे टेकून बसला आहे. शिकाऱ्यांच्या या आश्रयदात्या संताचा सण 3 नोव्हेंबरला येतो. मध्ययुगीन युरोपात शिकार आणि भक्ती यांचे एकमेकींशी वावडे नव्हते, हे त्या चित्रावरून ध्यानात येते. परंतु आम्हांला येथे सांगावयाचे आहे ते शिकारीवर ग्रंथ लिहिणाऱ्या एका उमरावाविषयी, आणि त्या ग्रंथात त्याने धनुष्याच्या निवडीबाबत केलेल्या एका लहानशा उपदेशाविषयी.

फ्रान्सच्या दक्षिणेस, पिरिनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या फ्वा आणि बेआर्न या मुलुखांचा धनी तिसरा गास्तों. 'फेबुस' हे सूर्यदेवाचे नाव त्याने आपण होऊन धारण केले होते. यावरून गृहस्थाच्या स्वभावाची कल्पना यावी. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, 1387 च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस, त्याने आपला शिकारग्रंथ लिहावयास घेतला आणि बर्गंडीचा ड्यूक फिलिप यास तो अर्पण केला. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्याची 15व्या शतकाच्या आरंभीची एक सचित्र प्रत आहे. तीत फेबुस उच्चासनावर बसला आहे आणि भोवती शिष्य व कुत्री जमली आहेत. ग्रंथाच्या आरंभी तो सांगतो की, आळस हे सात महापापांचे मूळ. शिकाऱ्याला आळसाला सवडच नसते, म्हणून तो थेट स्वर्गात जातो. हा युक्तिवाद कोणाही धर्मगुरूने बिनशर्त मान्य केला असता, असे आम्हांस वाटत नाही.

मुलाचे शिक्षण सातव्या वर्षी सुरू व्हावे, असे फेबुसचे मत. हे वय फारच कोवळे, अशी कोणी शंका घेईल हे ओळखून तो आधीच उत्तर देऊन ठेवतो की, लहानपणी मन लावून जे शिकले जाते तेच पक्के बसते. पोराने प्रत्येक कुत्र्याचे नाव व रंग पाठ करावा, कुत्र्यांच्या घरातले गवत बदलावे, पाणी ताजे भरावे, रात्री त्यांच्यापाशीच निजावे. आणि हुकूम चुकविण्याची भीती अंगी मुरेपर्यंत त्याला मार द्यावा, हेही तो निःसंकोच लिहितो.

असा हा करडा गुरू धनुष्याकडे वळला की मात्र एकाएकी मवाळ होतो. हरणासाठी धनुष्य यू वृक्षाच्या किंवा बॉक्सवुडच्या लाकडाचे असावे, एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत वीस मुठी लांब असावे, दोरी रेशमाची असावी. आणि मुख्य म्हणजे, धनुष्य फार कडक नसावे. हातात जड धनुष्य म्हणजे मर्दुमकी, अशी समजूत त्या काळीही असणारच. फेबुसचे कारण अनुभवाचे आहे. हाकेकरी हरणांना पुढे रेटतात. धनुर्धर झाडाला टेकून निश्चल उभा असतो. जनावर अगदी जवळ आल्यावर दोरी ओढू लागावे तर हालचाल त्याच्या नजरेस पडते. म्हणून आधीच ओढून थांबावे लागते, आणि न थरथरता थांबता येईल ते झेपणाऱ्या धनुष्यानेच. शिवाय हरिण बाणाच्या आघाताने मरत नाही. रुंद, धारदार पात्याने केलेल्या जखमेतून रक्त जाऊन मरते. तेव्हा जवळून, नेमक्या जागी लागलेला हलका बाण हा दुरून भलतीकडे लागलेल्या जोरकस बाणाहून बरा. चुकीच्या ठिकाणी जखमी झालेले जनावर रानात तडफडत हिंडते, ही शिकाऱ्याची खरी नामुष्की. 1969 साली अमेरिकेत हॉलेस विल्बर ॲलन यांना चाके बसविलेल्या धनुष्याचे पेटंट मिळाले; ते पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच उतरतो. फेबुसची अडचण अशी सहाशे वर्षांनी यंत्राने सोडविली. (आपल्या देशात 1972 च्या कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे, हे सांगून ठेवलेले बरे.)

याहून अधिक जाणावयाचे असेल त्याने इंग्लंडला जावे, धनुष्य हा त्या लोकांचाच धंदा, असेही फेबुस मोकळेपणी कबूल करतो. तेथे 1541 च्या कायद्याने सात ते सतरा वर्षांच्या मुलासाठी घरात एक धनुष्य व दोन बाण ठेवणे बापावर बंधनकारक होते. ह्यू लॅटिमर यांनी 1549 साली राजापुढे केलेल्या प्रवचनात आपल्या शेतकरी बापाची आठवण सांगितली. बाप त्यांच्या वयाच्या व ताकदीच्या मानाने धनुष्य विकत आणी आणि मुलगा वाढेल तसतसे मोठे देई. केवळ बाहूंच्या जोरावर न ओढता सारे अंग धनुष्यात कसे घालावे, हेही त्यानेच शिकविले. याच लॅटिमरना 1555 साली, आपल्याच पंथाच्या मेरी राणीच्या अमदानीत, ऑक्सफर्ड येथे जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या मतांशी आपले जुळणार नाही; पण त्या बापाचे स्मरण आम्हांस हृद्य वाटते.

फेबुसलाही औरस मुलगा होता, एकुलता एक. त्याचेही नाव गास्तों. त्याच्या जन्मानंतर लवकरच फेबुसने पत्नी आग्नेस हिला माहेरी, नाव्हारला घालविले. पुढची हकीकत इतिहासकार फ्र्वासार याने 1388 च्या हिवाळ्यात ओर्तेझच्या दरबारी मुक्काम असताना ऐकली. मामाने, म्हणजे नाव्हारच्या राजाने, भाच्याला एक पूड दिली: ही बापाच्या अन्नात घाल, म्हणजे त्याचे मन तुझ्या आईकडे वळेल. पुडी सापडली; कुत्र्याला चारली तर कुत्रे मेले. मुलाला कोठडीत टाकले. त्याने अन्न सोडले. बाप संतापून आत गेला. नखे साफ करण्याचे लहानसे पाते त्याच्या मुठीत होते, ते मुलाच्या गळ्याला लागले आणि मुलगा गेला. हे वर्ष 1380. कट खरोखरच झाला असावा, असे आजचे अभ्यासक म्हणतात; मुलाला पुडीतले विष ठाऊक होते की नाही, यावर मात्र कोणी शपथ घेऊ शकत नाही.

म्हणजे सात वर्षांच्या पोराला कसे घडवावे हे फेबुसने लिहिले ते या घटनेनंतर सात वर्षांनी. त्या प्रकरणांत मुलाचा उल्लेख नाही. पण पॅरिसच्या त्याच प्रतीत शिकारग्रंथाला जोडून फेबुसच्या प्रार्थनांचा एक संग्रह आहे. त्यात आपल्या पापांची कबुली देऊन तो देवाकडे दयेची याचना करतो. या प्रार्थना मुलाच्या मृत्यूनंतरच्या असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात. आम्हीही तेच मानतो. जनावराला उगाच यातना होऊ नयेत म्हणून धनुष्याचा ताण मोजणाऱ्याला आपल्या हाताचे मोजमाप त्या कोठडीत ठेवता आले नाही, हे त्याचे त्यालाच सर्वांत अधिक ठाऊक असणार.

1391 च्या ऑगस्टमध्ये अस्वलाच्या शिकारीहून परतल्यावर, जेवणापूर्वी हातावर पाणी घेत असताना, फेबुस कोसळला आणि गतप्राण झाला. औरस वारस उरला नव्हता. फ्वाची गादी त्याला न आवडणाऱ्या एका भाऊबंदाकडे, मात्यू द कास्तेल्बों याच्याकडे गेली.