पंख नसलेले विमान

घरच्या संगणकावर विमान चालवण्याचा सराव करून देणारे काही प्रोग्राम असतात. त्यांना सिम्युलेटर म्हणतात. त्यांपैकी फ्लाइटगियर हा सर्वांना खुला आहे. बाजारात विकत मिळणाऱ्या सिम्युलेटरच्या पोटात काय दडले आहे हे पाहता येत नाही, तेव्हा आपणच सर्वांनी मिळून एक उघडा सिम्युलेटर लिहावा, असा विचार काही हौशी मंडळींनी १९९६ साली मांडला. १९९७ मध्ये कर्टिस ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो चालता केला. सुरुवातीचे उड्डाणाचे गणित नासाच्या लँग्ली केंद्रातील एका प्रोग्राममधून घेतले होते.

या फ्लाइटगियरच्या विमानांच्या यादीत चक्क मोटारीही आढळतात. त्या पाहून आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मोटारीसाठी वेगळा प्रोग्राम लिहावा लागला असेल ना?"

नाही लागला. कारण आपण विमान चालवतो आहोत हे त्या प्रोग्रामला ठाऊकच नसते. त्याला दिसते ती एक वस्तू. तिला वस्तुमान आहे, गुरुत्वमध्य आहे आणि तिच्यावर काही बले लागतात. सेकंदाला १२० वेळा तो या बलांची बेरीज करतो, न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने त्वरण काढतो आणि वस्तूला किंचित पुढे सरकवतो. वस्तू कोणती, हे एका साध्या फाइलमध्ये लिहिलेले असते. त्या फाइलमध्ये पंखांची उचल शून्य करायची, हवेचा अवरोध ठेवायचा, तीन चाकांऐवजी चार चाके मांडायची, प्रत्येकाला स्प्रिंगचा ताठरपणा व घर्षणाचे आकडे द्यायचे आणि पुढची दोन चाके वळती करायची. झाली मोटार!

परंतु ही मोटार वळते कशी? या प्रश्नाने आम्हाला बरेच मागे नेले.

चाक ज्या दिशेला तोंड करते त्याच दिशेला जाते, असे आपण समजतो. बैलगाडीच्या लोखंडी धावेपुरते ते जवळपास खरेही आहे. हवा भरलेल्या रबरी टायरचे तसे नाही. वळणावर टायर जमिनीलगत पिळवटतो आणि चाकाचे तोंड व प्रत्यक्ष गती यांत काही अंशांचा कोन पडतो. फ्रान्समधील ब्रूलिए यांनी १९२५ साली याकडे लक्ष वेधले. या कोनाला आपण घसरकोन म्हणू. गाडीला वळवणारे आडवे बल याच कोनातून निर्माण होते. कोन लहान असेतोवर बल त्याच्या प्रमाणात वाढते, मग वाढ मंदावते आणि शेवटी टायर सरळ घसरू लागतो.

हा आलेख विमानशास्त्राच्या अभ्यासकाला दाखवला तर तो ताबडतोब ओळखेल. पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन वाढवत नेला की उचल अशीच प्रमाणात वाढते, आणि सुमारे १५ अंशांच्या आसपास ढासळते. कारणे अगदी निराळी, पण आलेखाचा तोंडवळा एकच.

हे साम्य ज्यांनी कामाला लावले त्यांत विल्यम मिलिकन यांचे नाव महत्त्वाचे. दुसऱ्या महायुद्धात ते बोइंगमध्ये विमानांच्या उड्डाण-चाचण्या घेत, आणि पुढे बफेलो येथील कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत आले. गृहस्थ मोटार-शर्यतींचे वेडे. १९४८ साली वॉटकिन्स ग्लेनच्या पहिल्या शर्यतीत त्यांची बुगाती उलटली. त्या वळणाला आजही त्यांचेच नाव आहे! विमानाच्या स्थैर्याचे गणित ब्रायन यांनी १९११ सालीच पुस्तकरूपाने मांडले होते. मोटारीचे वागणे मात्र १९५० पर्यंत बरेचसे अनुभवी कारागिरांच्या अंदाजावर चाले. बफेलोच्या मंडळींनी विमानाची रीत मोटारीला लावली. जनरल मोटर्सने त्यांना पाठबळ दिले. टायरवरील बले मोजायला यंत्रही होते, आणि तेसुद्धा हवाई दलाने विमानांच्या टायरसाठी करवून घेतलेले. लिओनार्ड सेगेल यांनी गाडीचे आडवे सरकणे, दिशा बदलणे आणि कलणे एवढ्या तीनच गती धरून समीकरणे मांडली. सुकाणू वळवल्यावर गाडी काय करील याचे भाकीत केले आणि खऱ्या गाडीवर ते पडताळून पाहिले. १९५६ साली लंडनच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे हे निबंध वाचले गेले. तेव्हा विमानाच्या प्रोग्राममध्ये मोटार शिरली यात आगंतुकपणा कसला? आमच्या मते ती माहेरी आली आहे.

माहेरी आली तरी अडचणी आहेतच. विमानाचे इंजिन हवेला मागे लोटते, चाकाला हात लावत नाही. त्यामुळे या प्रोग्राममध्ये चाक फिरवणाऱ्या इंजिनाची सोय मुळात नव्हती. सोपा मार्ग म्हणजे गाडीला अदृश्य जोर लावून पुढे ढकलणे. गाडी धावते, पण चिखलात चाक जागच्या जागी फिरावे तसे ते येथे फिरत नाही.

दुसरी अडचण गणिती आहे. घसरकोन काढायचा तर आडव्या वेगाला पुढच्या वेगाने भागावे लागते. गाडी उभी राहिली की शून्य भागिले शून्य! विमानाचे सिम्युलेटर लिहिणाऱ्याला याची फारशी फिकीर नसते. त्याचे सारे लक्ष आकाशात. मोटारीला मात्र प्रत्येक सिग्नलला थांबायचे असते.

आणि तिसरी अडचण जमिनीची. फ्लाइटगियरमधील डोंगरदऱ्या मुख्यतः फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांत केलेल्या रडार-मोजणीवरून घेतल्या आहेत. जगातील बहुतेक भागासाठी त्यातील उंचीचे बिंदू सुमारे ९० मीटर अंतरावर होते. हजार मीटर उंचीवरून पाहणाऱ्या वैमानिकाला सह्याद्री अगदी खरा वाटेल. पण आपल्या घाटातला रस्ता दोन बिंदूंच्या मध्येच वर चढून, वळून, परत फिरलेला असतो. मोटार चालवणाऱ्यासाठी तो रस्ता म्हणजे उतारावर रंगवलेली रेघ.

हे वर्गात पाहायचे असेल तर संगणकही नको. सर्व्हे ऑफ इंडियाचा १ : ५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यावर ९० मीटर म्हणजे १.८ मिलिमीटर. तेवढ्या अंतराच्या चौकटी पारदर्शक कागदावर आखून जवळच्या घाटावर ठेवा. फक्त चौकटींच्या कोपऱ्यांवरच्या उंची वाचा, आणि त्यांवरून रस्त्याची वळणे काढता येतात का ते मुलांना पाहू द्या.